खळ्यावरची घडीची खोली

माझ्या हातच्या ताडपत्रीतून थेंबभर पाणी आत आलं तर माल परत आणा, असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत आलो. नगरच्या बाहेर, एमआयडीसीच्या रस्त्याला माझं दुकान आहे. ट्रकची हुडं, कांद्याच्या चाळीवरची झाकणं, टेम्पोचे पडदे, पावसाळ्यात गोठ्याला बांधायच्या ताडपत्र्या, सगळं शिवलं. आयुष्यभर काम एकच, बाहेरचं पाणी बाहेर ठेवायचं. या कामात माझा हात धरणारा नगरात कुणी नाही असं मी मानत होतो आणि चारचौघांत बोलूनही दाखवत होतो. बायको म्हणायची, "जरा दमानं घ्या, लोकं हसत्यात." मी काही दमानं घेत नसे.

बायको अकोले तालुक्यातली, भंडारदऱ्याच्या बाजूच्या डोंगरातली. चाळीस वर्षं नगरात राहिली, पण बोलणं डोंगरातलंच ठेवलं. सुरुवातीला शेजारणी हसायच्या. तिनं मनावर घेतलं नाही, आणि पुढं त्याच शेजारणी तिच्या तोंडचे शब्द वापरायला लागल्या. लग्नानंतरची पहिली बरीच वर्षं ती माहेरी पंधरा-पंधरा दिवस राहायची. भातलावणीला मुद्दाम जायची, चिखलात दिवसभर वाकायची, आणि परत येऊन म्हणायची, "लई इसावा झाला." मग सासरे गेले. दोन वर्षांत सासूबाई गेल्या. आणि तिचं माहेर हळूहळू एका दिवसाचं झालं.

भांडणतंटा काही नव्हता, हे आधीच सांगतो. जमीन धाकट्या भावाकडं राहावी म्हणून तिनं कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर हसत सही केली होती. भावानं जुनं कुडाचं घर पाडलं आणि स्लॅबच्या दोन खोल्या बांधल्या. त्यात तो, त्याची बायको, मुलगा, सून, दोन नातवंडं. आम्ही सकाळी पोचायचो, जेवायचो, गप्पा व्हायच्या. निघताना भावजय ओटी भरायची, पिशवीत नव्या भाताचे तांदूळ घालायची आणि म्हणायची, "ऱ्हावा की वन्सं." माझी बायको त्या दोन खोल्यांकडं एकवार बघायची आणि म्हणायची, "न्हाई गं, ह्यांचं दुकान हाय." दुकानाचं कारण मी कधीच काढलेलं नव्हतं. पण मी चपला पायात सरकवायचो. दिवस मावळायच्या आत आम्ही राजूर मागं टाकलेलं असायचं.

आमची एकुलती मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली. ती माहेरपणाला आली की आठ-आठ वाजेपर्यंत लोळत पडायची. मी ओरडायचो. बायको मला हातानं गप्प करायची आणि स्वयंपाकघरातून दोनदा-तीनदा येऊन तिच्या झोपलेल्या तोंडाकडं बघून जायची. अशाच एका सकाळी ती मला म्हणाली, "मला एकदा तिथं निजून उठायचंय बघा. सकाळचं उठून, बाहेर येऊन तोंड धुवायचंय. बाकी काय नको." वीस वर्षं झाली होती तिला माहेरात रात्र काढून. मी म्हटलं, त्यात काय, सांग भावाला. ती म्हणाली, "सांगून घेत्यात व्हय माहेरपण?"

ते माझ्या डोक्यात राहिलं असं म्हणणार नाही. मी विसरलो होतो. पण त्याच वर्षी पावसाळ्यानंतर पुण्याचे एक गृहस्थ दुकानात आले. त्यांच्या जीपमागं एक बुटकी पेटी जोडलेली होती, दोन चाकांची, ट्रंकेसारखी. त्यांनी चार कड्या सोडल्या, हँडल फिरवलं, आणि पेटीचं झाकण वर उचललं गेलं. त्याच्याबरोबर चारी बाजूंनी कापडाच्या भिंती उभ्या राहिल्या. दोन्हीकडून फळ्या ओढल्या, त्यांचे झाले पलंग. बघता बघता रस्त्याच्या कडेला एक खोली तयार. कापड उन्हानं विरलं होतं, ते बदलून पाहिजे होतं. याला कॅम्पर म्हणतात असं ते म्हणाले. ते आणि त्यांच्या पत्नी ही घेऊन पार हिमाचलपर्यंत जाऊन आले होते.

बायको तेव्हा डबा घेऊन आली होती. ती पेटीत डोकावली, पलंगावर हात दाबून बघितला.

"ह्याच्यात मानसं निजत्यात?"

"निजतात की," मी म्हटलं.

"आन कुटंबी लावता येती?"

"जिथं गाडी जाईल तिथं."

ती बराच वेळ तिथंच उभी राहिली. तिच्या मनात काय चाललंय हे मला तेव्हा कळलं, आणि कळल्याचा मला फार अभिमान वाटला. बायकोच्या मनातलं न सांगता ओळखायची वेळ माझ्यावर क्वचितच आली होती.

गृहस्थांचं काम आठ दिवसांत करून दिलं. करताना माप, सांधे, कड्या सगळं डोक्यात उतरवून घेतलं. त्यांच्या भिंतींना वरच्या बाजूला, छताखाली, हातभर लांबीच्या जाळ्या होत्या, बंद न होणाऱ्या. मी मनात म्हटलं, एवढी महागाची वस्तू आणि वर भोकं ठेवलीत. थंडीत काय उपयोग? आपण करू तेव्हा असली कुचराई करायची नाही.

शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी सांगाडा करून घेतला. एका भंगारातल्या ट्रॉलीचा आस मिळाला. कापड मी स्वतः निवडलं, सगळ्यात जाड, दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा थर असलेलं. दोन महिने दुकान बंद झाल्यावर बसून शिवलं. प्रत्येक शिवण दुहेरी, वरून मेण. दाराला चेन, चेनीवर झडप, झडपेला वेल्क्रो. खिडक्या दोन ठेवल्या, त्यांना आतून-बाहेरून पडदे. वारा शिरेल अशी एक फट ठेवली नाही. आत पेटवलेल्या उदबत्तीचा वास बाहेर आला नाही तेव्हा मी काम संपलं म्हटलं. बायको त्याला खोपी म्हणायला लागली. मी म्हणायचो, खोपी शेतात असते, ही घडीची खोली आहे. ती म्हणायची, "बरं, घडीची खोपी."

पौष महिन्यात निघालो. माझ्या माल पोचवायच्या टेम्पोला खोली जोडली. संगमनेरच्या चौकात लोक वळून बघत होते आणि मी आरशातून त्यांच्याकडं बघत होतो. बायकोनं दोन गोधड्या, एक रग, लोकरी कानटोप्या, मफलर असं सगळं घेतलं होतं. अकोले सोडल्यावर तिनं खिडकीची काच खाली केली आणि राजूरपर्यंत वर घेतली नाही. मी दोनदा म्हटलं, गार वारं लागेल. ती म्हणाली, "लागू द्या."

मेहुण्याला फोन करून विचारलं होतं. भाताची झोडणी उरकली होती, घरापुढचं खळं रिकामं होतं, सारवलेलं. त्यावर खोली उभी केली. हँडल फिरवून छत वर जायला लागलं तसे गावचे लोक जमले. बायका हसायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "दाजी, आता तुमीबी टेंट भाड्यानं लावनार का धरणावर?" तिकडं पाण्याकाठी शहरातल्या लोकांसाठी तंबूंच्या रांगा लागतात, त्यावरून हे. मी म्हटलं, "ह्या टेंटाला एकच गिऱ्हाईक आहे." आणि बायको लाजली. साठीला टेकलेली बाई, पण पदर तोंडाला लावून लाजली. ती संध्याकाळ मला अजून तशीच्या तशी आठवते. भावजयीनं नागलीची भाकरी आणि हुलग्याची आमटी केली. बायको त्या घरातून या खोपीत आणि खोपीतून घरात अशी सारखी ये-जा करत होती, काही काम नसताना.

दिवस बुडाला तशी थंडी उतरली. नगरची थंडी वेगळी. डोंगरातली थंडी जमिनीतून वर येते आणि पायाला धरते. मी सगळे पडदे ओढले, वेल्क्रो दाबले, चेन लावली.

बायको म्हणाली, "वरनं हातभर उघडं ऱ्हाऊ द्या."

"कशाला? थंडी आत यायला?"

"आमच्या कुडाच्या घरात वारं खेळायचं. कोंडून घेतलं की बरं न्हाई वाटत."

"अगं, ताडपत्री मी शिवतो का तू?"

ती गोधडी उलगडायला लागली. मला वाटलं, पटलं. मी तिच्या कानांवर मफलर नीट गुंडाळला, अंगावर दोन्ही गोधड्या घातल्या, आणि समाधानानं झोपलो.

पहाटे तोंडावर पाणी पडलं म्हणून जाग आली. गार थेंब, थेट कपाळावर. मग दुसरा. मोबाईलचा उजेड लावला तर छताला आतून थेंब लोंबत होते, सगळीकडं. भिंतीवरून ओघळ उतरले होते. गोधडीची वरची बाजू ओली. बायको उठून बसली होती आणि पदरानं उशी पुसत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पटकन म्हणाली, "आसूं दे, दव लई पडतं हिकडं."

मला काय वाटलं ते नीट सांगतो. थंडी वाजली नाही, बायको भिजली याचंही काही वाटलं नाही. वाटली ती लाज. सासुरवाडीच्या दारात माझी ताडपत्री गळली. मी बाहेर जाऊन हात फिरवला. वरून दव होतंच, चांगलं भिजलेलं कापड. म्हणजे दव आत झिरपलं. म्हणजे कुठंतरी शिवण चुकली. मी शिवणीमागून शिवण चाचपत फिरत होतो, आणि बायको तेवढ्यात ओल्या गोधड्या घेऊन घरामागच्या कुंपणाकडं गेली. परत येऊन म्हणाली, "कुनाला बोलू नका. उनं पडली की वाळत्यात."

दिवसा मी राजूरला जाऊन मोठा प्लॅस्टिकचा कागद आणला आणि छतावरून घालून दोरीनं आवळला. जिथं जिथं संशय आला तिथं आतून पट्टी चिकटवली. आदल्या दिवसापेक्षा खोली आणखी घट्ट केली. दुसऱ्या पहाटे आणखी पाणी. तिसऱ्या पहाटे पलंगाच्या फळीवर पाण्याचं तळं साचलं. त्या दोन्ही दिवशी मला जाग आली तेव्हा बायको आधीच उठून बाहेर गेलेली असायची. दिवसा ती छान असायची. ओढ्यावर जाऊन यायची, बालपणीच्या मैत्रिणीकडं बसायची, वालाच्या शेंगा तोडून आणायची. मी मात्र शिवणी चाचपत फिरायचो. मेहुणा म्हणाला, दाजी, चला की जरा धरणाकडं. मी गेलो नाही. चार दिवस तिच्या गावात होतो आणि गाव मी पाहिलंच नाही.

चौथ्या सकाळी तिला हुडहुडी भरली. परत निघालो. नगरला येईपर्यंत ताप. दवाखान्यात तीन दिवस ठेवावं लागलं, छातीत कफ झाला होता. बरी झाली. घरी येताना रिक्षात म्हणाली, "पर लई झ्याक झालं बरं का माहेरपन." मला वाटलं, ही माझी समजूत काढतेय, आणि मला त्याचाही राग आला.

उन्हाळ्यात मी ती खोली दुकानापुढं उभी केली आणि पाइपानं पाणी मारलं. तासभर. आत थेंब नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिरकं मारलं. थेंब नाही. पावसाळ्यात चार दिवसांची झड लागली, त्यात उभी ठेवली. आत इतकी कोरडी की उंदरानं पिल्लं घातली. मग मी ठरवलं की दव बारीक असतं, पाइपाच्या पाण्याला जी भोकं सापडत नाहीत ती दवाला सापडतात. सगळ्या शिवणी उसवून पुन्हा घातल्या. आजूबाजूचे दुकानवाले माझ्यावर हसले असतील. मी कुणाला विचारलं मात्र नाही. ज्याला सगळे विचारायला येतात त्यानं कुणाला विचारायचं?

दिवाळी झाली आणि बायको म्हणाली, "औंदा कदी निघायचं?"

"गळती सापडू दे."

"गळू द्या की. मला चालतंय."

"मला चालत नाही. तुझ्या भावाच्या दारात गळकी ताडपत्री लावू? काय म्हणतील लोक?"

"कोन काय म्हनत न्हाई. तुमालाच वाटतं."

मार्गशीर्षात एकदा विचारलं, पौष लागल्यावर एकदा. संक्रांतीच्या दिवशी वाण वाटून आली आणि उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "दोन रोज तरी?" मी ताडकन म्हणालो, "पुन्हा ताप आणायचाय का? दवाखाना मला करावा लागतो." खरं कारण ताप नव्हतं. तिलाही ते माहीत होतं, कारण ती माझ्याकडं एकदा बघून आत गेली. त्यानंतर तिनं विचारलं नाही. मी म्हटलं, पुढच्या थंडीपर्यंत सापडेल गळती, घाई काय आहे.

चैत्रात, सकाळी कणीक मळताना ती खाली बसली. हृदयाचा झटका होता. दवाखान्यात दोन दिवस होती. शुद्धीवर असताना मुलीशी बोलली, माझ्याशी बोलली, कपाटाच्या किल्ल्या कुठं आहेत ते सांगितलं. खोपीचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते लिहिण्यासारखं नाही. दुकान उघडत होतो, बंद करत होतो. मुलगी म्हणाली नाशिकला या, मी गेलो नाही. पावसाळा सरल्यावर ते पुण्याचे गृहस्थ पुन्हा आले. पडद्याची एक चेन बिघडली होती. मी चेन बदलली, आणि का कोण जाणे, त्यांना विचारलं. कदाचित आता हरायची लाज उरली नव्हती म्हणून. म्हटलं, साहेब, थंडीत तुमच्या गाडीत पाणी झिरपतं का हो?

ते म्हणाले, "बाहेरून नाही. आतून होतं, पहिल्या वर्षी आम्हीही फसलो होतो."

"आतून म्हणजे?"

"श्वासाचं पाणी. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, तो गार कापडाला लागला की त्याचं पाणी होतं आणि ठिबकतं. म्हणून तर वर जाळ्या आहेत. थंडी वाजली तरी चालेल, पण वरून वारं खेळतं ठेवायचं. तुम्ही माझं कापड बदललंत तेव्हा त्या जाळ्या बंद करून टाकाल अशी मला धास्ती होती."

मी खाली बघून चेनीला मेण लावत राहिलो. त्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्याला समजलं नाही. मला सगळं समजलं होतं. गळती नव्हतीच. दीड वर्ष मी जी शोधत होतो, जिच्यापायी मी तिला नाही म्हणालो, ती नव्हतीच. ते पाणी तिचं आणि माझं होतं. आणि पहिल्याच संध्याकाळी तिनं सांगितलं होतं, वरनं हातभर उघडं ऱ्हाऊ द्या.

गृहस्थ गेल्यावर मी कात्री घेतली आणि माझ्या हातच्या मेण लावलेल्या कापडाला छताखाली दोन्ही बाजूंनी हातभर चिरा दिल्या. जाळी लावली. शिवण वाकडी आली. तशीच ठेवली.

पौषात एकटाच गेलो. मेहुण्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "या की दाजी, खळं मोकळंच हाय." गृहस्थांचं म्हणणं खरं की खोटं हे बघायचं होतं असं मी स्वतःला सांगत होतो. या वेळी लोक जमले नाहीत. मेहुण्यानं हँडल फिरवायला मदत केली. आम्ही जेवलो. मी आत जाऊन पडलो. जाळीतून गार वारं येत होतं, भाताच्या पेंढ्याचा वास येत होता. कानटोपी घातली आणि डोळे मिटून घेतले.

उजाडलं तेव्हा मी पहिल्यांदा छताला हात लावला. मग भिंतीला, मग उशीला, मग गोधडीला. कुठंही ओल नव्हती. सगळं कोरडं, हात फिरवला तर कापड खरखर वाजत होतं. पलंगाच्या त्या बाजूलाही हात फिरवला. तिथं कुणी निजलंच नव्हतं, तिथं ओल कशाला असेल, हे मला कळत होतं, तरी फिरवला. आणि मग मला आवरलं नाही. मी बाईमाणसासारखा हुंदके देऊन रडलो. ती गेली तेव्हा मी लोकांत होतो, तेव्हा असं रडलो नव्हतो.

बाहेर पावलं वाजली. भावजय चहा घेऊन आली होती. तिनं ऐकलं असणार, पण दाखवलं नाही. मी चेन उघडून पायरीवर बसलो. तिनं कप दिला आणि आत वाकून छताकडं बघितलं.

"कोरडं हाय ह्या खेपंला," ती म्हणाली.

मी चमकलो. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"न्हाई कसं? वन्सं रोज पहाटं चुलीपाशी येऊन बसायच्या. पदर वला, केस वलं. मी म्हनायची, वन्सं, काय ह्ये? तर म्हनायच्या, कुनाला सांगू नको, त्यांना लई लागंल." तिनं पदर नीट केला. "एक सांगू का दाजी? राग न्हाई ना यायचा?"

"सांगा."

"दुसऱ्या रोजीच मी म्हनलं, वन्सं, घरात या निजायला. पोरांना मी बाहेरच्या खोलीत घेती, चुलीच्या खोलीत तुमचं दोघांचं अंथरून टाकती. उबदार हाय. आमचंबी चुकलंच, इतकी वर्सं कदी नेट लावून म्हनलो न्हाई. जागा न्हाई, जागा न्हाई करीत ऱ्हायलो. जागा काय, करायची आसती. त्या दिवशी मी अंथरून काढलंबी हुतं."

"मग?"

"न्हाई म्हनल्या. तिसऱ्या रोजी पुना म्हनलं, तवाबी न्हाई. म्हनल्या, त्यांनी दोन महिनं बसून माझ्यासाठी शिवलंय. मी आत येऊन निजले तर त्यांचं मन मोडंल. औंदा ऱ्हाऊ दे, पुढच्या थंडीला येते आत निजायला."

ती कप घ्यायला थांबली होती. मी विचारलं, अंथरूण कुठं टाकणार होतात. ती मला घरात घेऊन गेली आणि तिनं जागा दाखवली. चुलीच्या भिंतीला लागून, खिडकीखाली, दोन माणसं दाटीवाटीनं निजतील एवढी. मी तिथं उभा राहिलो. वीस वर्षं ज्या जागेसाठी ती दारातून घराकडं बघून परत फिरत होती, ती जागा त्या दिवशी तिला मिळाली होती, आणि माझ्या ताडपत्रीसाठी तिनं ती नाकारली होती. मग पुढच्या थंडीला तिनं मला चारदा विचारलं.

संसाराच्या चाळीस वर्षांत सासू-सासऱ्यांच्या माघारी मी तिला माहेरी मुक्कामाला नेलं ते एकदाच, आणि तेव्हाही तिला दाराबाहेर निजवलं.